तुळशीच्या लग्नानंतर बटाटा: फुकटच्या डब्या-खोक्यांत, कोकणातल्या अंगणात

आमच्याकडे कोणी पहिल्यांदा बटाटा लावायचा म्हटलं की तो जूनमध्येच लावतो. पाऊस पडला की काहीतरी मातीत खोचायचं, ही कोकणातल्या हाताची सवयच आहे. मीही तेच केलं होतं. घरातले कोंब फुटलेले चार बटाटे पहिल्या पावसात परसात पुरले. दहा दिवसांनी उकरून बघितलं तर चिखलात नुसती सालं आणि कुजका वास. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर लावले. या वेळी झाडं गुडघ्यापर्यंत आली, हिरवीगार, येणारा-जाणारा थांबून बघायचा. एप्रिलच्या शेवटी उपटलं तर मुळाशी हरभऱ्याएवढ्या गोट्या.

दोन्ही वेळा माती बरी होती, बेणं बरं होतं. चुकला होता तो महिना. म्हणून डबे, गोण्या, माती यांच्याकडे वळण्याआधी हे समजून घ्या, कारण कोकणात बटाट्याचं सगळं गणित इथेच ठरतं.

बटाटा हे मूळ नव्हे. खोडाला जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्या फुटतात, त्यांचं टोक फुगून बटाटा होतो. हे फुगणं रात्रीच्या गारव्यावर अवलंबून असतं. रात्री १५ ते २० अंश तापमान असलं की झाड कंद धरतं. रात्र उबदार राहिली आणि माती ३० अंशांच्या आसपास तापली की झाड पाला वाढवत बसतं, कंद धरत नाही. आपल्या किनाऱ्यावर रत्नागिरी, गुहागर, मालवणकडे असा गारवा मिळतो तो साधारण नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत. दापोलीच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, पारा किनाऱ्यापेक्षा बराच खाली उतरतो, तिथल्या लोकांना थोडी अधिक मोकळीक आहे.

थर्मामीटर नसला तरी चालेल. दारातला आंबा बघा. हापूसला मोहोर यायला ज्या गार रात्री लागतात, त्याच बटाट्याला लागतात. पहाटे मतलई वारा सुटून अंगावर चादर ओढावी लागली की बटाटा मातीत जायची वेळ झाली. मी तुळशीचं लग्न लागलं की लावते. ते लग्न लवकर आलं असेल आणि अजून उकडत असेल तर आठ-दहा दिवस थांबते. १५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर हा माझा काळ. त्यानंतर लावू नका, खरंच नको. पुढच्या वर्षीची वाट बघितलेली परवडते.

डबा कुठला घ्यायचा

पैसे वाचवायला निघालोय, म्हणून पहिला नियम असा की भांड्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही. ग्रो-बॅग विकत आणली, मातीचं तयार मिश्रण मागवलं, की घरचा बटाटा बाजारच्या बटाट्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

खोली निदान ३० सेंटीमीटर, म्हणजे हाताची वीत आणि वर चार बोटं, आणि एका झाडामागे १२ ते १५ लिटर माती मावेल एवढी जागा. यात बसणारं घरात, गावात काय काय मिळतं ते सांगते.

माझं सगळ्यात आवडतं भांडं म्हणजे मासळीचं थर्माकोलचं खोकं. हर्णै बंदरावर किंवा कुठल्याही जेटीवर कान तुटलेली, झाकण हरवलेली खोकी टाकून दिलेली असतात. बर्फ टिकवायला केलेलं हे खोकं दुपारच्या उन्हात आतली माती गार ठेवतं, आणि बटाट्याला नेमकं तेच हवं असतं. दुपारी एकाच अंगणात ठेवलेल्या तेलाच्या डब्यात आणि खोक्यात बोट घालून बघा. डब्याची कड चटका देते, खोक्यातली माती सकाळसारखीच असते. मात्र खोकं खारट असतं. गोड्या पाण्याने तीन वेळा धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा, नाहीतर मीठ मुळांना जाळतं आणि वासाने मांजरं रात्रभर माती उकरतात. उथळ खोकं घेऊ नका. मोठ्या खोक्यात दोन झाडं बसतात. थर्माकोल भुगा होऊ लागला की ते खोकं बाद करा, तो भुगा मातीत मिसळू द्यायचा नाही.

त्यानंतर रंगाची २० लिटरची बादली. भिंतीच्या पाण्यातल्या रंगाची असेल तर वाळलेला पापुद्रा सोलून, घासून घ्या. ऑइल पेंटची, थिनरची, कीटकनाशकाची किंवा कुठल्याही रसायनाची असेल तर कितीही धुतली तरी नको, त्यात खायचं काही लावू नये. तेलाचा १५ लिटरचा पत्र्याचा डबा चालतो, पण खाऱ्या हवेत एका हंगामात गंजतो आणि तापतो फार. त्याला गोणपाट गुंडाळून सुंभाने बांधा. तांदळाची प्लास्टिकची गोणी वरून दुमडून अर्धी भरा, ती एका हंगामापुरतीच. उन्हाने तिच्या पट्ट्या सुटायला लागतात. सिमेंटची गोणी घ्यायची तर उलटी करून झटका आणि दोनदा धुवा, कारण सिमेंटात चुना असतो आणि चुन्याने बटाट्याच्या सालीवर खवड्या येतात.

तळाला बोटाएवढी सहा-सात भोकं हवीत आणि बाजूंना तळापासून दोन बोटं वर चार. मोठा खिळा पक्कडीत धरून चुलीवर तापवला की प्लास्टिकला सहज भोक पडतं. हे काम उघड्यावर करा, धूर वाईट असतो. थर्माकोल तापवायची गरज नाही, तो टोच्याने भोसकता येतो.

भांडं थेट जमिनीवर टेकवू नका. खाली जांभ्याचे दोन चिरे ठेवा. पाणी निघून जातं, वाळवी सहज चढत नाही आणि हुमणी खालून शिरत नाही.

माती

आपली तांबडी माती आंबट असते आणि बटाट्याला थोडी आंबट माती आवडतेच. तेवढं नशीब आपल्या बाजूने आहे, म्हणून चुना घालू नका. पण नुसती तांबडी माती डब्यात विटेसारखी बसते, बटाट्याला फुगायला जागाच देत नाही. म्हणून दोन घमेली माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं कुजका पातेरा (गळलेली पानं) किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा. शेणखत काळं, भुसभुशीत आणि वास न येणारं हवं. ओलं शेण घातलं तर उष्णता धरतं, आणि त्यातून हुमणीची पांढरी अळीही येते. खत चाळताना ती सापडतेच, कोंबड्यांना घाला.

तीन गोष्टी मिठाच्या आहेत, त्यांच्यापासून जपा. समुद्राची वाळू अजिबात नको. माती जड वाटली तर नदीची वाळू घाला, तीही थोडी. सोडणं खाडीत कुजवलेली असतील तर भुसा बादलीत भिजवून दोनदा पाणी बदला. आणि विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर ते बटाट्याला घालू नका, नळाचं पाणी वापरा.

आता एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही आणि त्यामुळे पुष्कळांचं पीक जातं. ज्या जागी वांगं, मिरची किंवा टोमॅटो उभ्या उभ्या सुकून मेला असेल, तिथली माती घेऊ नका. याला मर रोग म्हणतात. कोकणातल्या उष्ण, दमट, आंबट मातीत त्याचे जिवाणू चांगले रुजतात, आणि बटाटा वांग्याच्याच कुळातला. शंका असेल तर असं तपासा: सुकलेल्या झाडाचं खोड बुंध्याजवळ कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक हलकेच त्यात बुडवून धरा. दोन-चार मिनिटांत टोकातून दुधासारखे बारीक पांढरे धागे खाली उतरायला लागले तर तो मर रोगच. ते झाड जाळा, ती माती बटाट्यापासून लांब ठेवा, आणि कोयता धुऊन घ्या.

बेणं

कृषी सेवा केंद्रात बेण्याचे बटाटे कोकणात सहसा मिळत नाहीत. घाटावर कोणी पाहुणे असतील तर सांगून ठेवा, पुणे जिल्ह्यात मंचर भागात बटाट्याची मोठी शेती आहे आणि तिथे बेणं मिळतं. जात विचारता आली तर 'कुफरी सूर्या' मागा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने उष्णता सोसणारी म्हणून ही जात काढली आहे. 'कुफरी लवकर'ही चालेल, ती नावाप्रमाणे लवकर तयार होते. नाही मिळाली तर बाजारचा बटाटा लावा. मी तोच लावते. बाजारच्या बटाट्यात रोग असू शकतो, म्हणून शेताला तो नको, पण अंगणातल्या आठ-दहा डब्यांना चालतो.

फक्त निवडून घ्या. ऑक्टोबरमध्ये बाजारात दोन तऱ्हेचे बटाटे असतात. एक जुना, शीतगृहातून आलेला, साल जाड. दुसरा नवा, पावसाळी पिकातला, ज्याचं साल अंगठा फिरवला की सुटतं. भाजीला कुठलाही घ्या, पण बेण्याला जुनाच. नवा बटाटा झोपलेला असतो, त्याला कोंब फुटायला दोन-अडीच महिने लागतात आणि तोवर आपली थंडी संपते.

कोंबडीच्या अंड्याएवढे, टणक, डाग नसलेले बटाटे घ्या. एका किलोत असे वीस-बावीस येतात. लावायच्या तीन आठवडे आधी अंड्यांच्या ट्रेमध्ये, डोळे असलेली बाजू वर करून, पडवीत उजेड येईल पण ऊन लागणार नाही अशा जागी मांडा. अंधारात कोंब लांब, पांढरे आणि ठिसूळ येतात, हात लागला की मोडतात. उजेडात ते आखूड, जाड, जांभळट-हिरवे येतात. नखाएवढे झाले की तयार. तीन आठवड्यांत डोळा हललाच नाही, तर त्याला कोंब येऊ नयेत म्हणून काही लावलेलं असू शकतं. तो भाजीत घाला.

मोठा बटाटा कापून लावतात हे तुम्ही ऐकलं असेल. घाटावरच्या कोरड्या हवेत ते ठीक आहे. आपल्या दमट हवेत कापलेली फोड सुकायच्या आधी कुजू लागते. कापावंच लागलं तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवा, चुलीची राख लावा, सावलीत दोन दिवस पसरा आणि कापलेल्या भागावर कोरडी साय धरल्यावरच लावा. मी अख्खाच लावते.

लावण आणि भर

डब्यात आधी चार-पाच बोटं माती भरा, जेमतेम एक तृतीयांश. बटाटा कोंब वर करून ठेवा. वर आणखी चार-पाच बोटं माती. पाणी झारीने, माती बसेल एवढंच. पहिल्या पंधरवड्यात जास्त पाणी म्हणजे कुजलेलं बेणं, या चुकीने सगळ्यात जास्त बटाटे मरतात. साधारण दोन आठवड्यांत गर्द हिरवी, किंचित सुरकुतलेली पानं माती फोडून वर येतात.

झाड वीतभर झालं की भर द्या, म्हणजे शेंड्याची पानं तेवढी उघडी ठेवून बाकी खोड माती-पातेऱ्याने झाका. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. डबा वरून तीन बोटं रिकामा राहील तिथे थांबा. लोक सांगतात की टायरवर टायर चढवून भर देत राहिलं की मजल्या-मजल्याला बटाटे लागतात. तसं होत नाही. लवकर तयार होणारं झाड बेण्याच्या आसपासच्या थरात कंद धरतं, वरचे मजले रिकामे जातात. भर द्यायची ती वाढणाऱ्या बटाट्यांवर ऊन पडू नये आणि माती गार राहावी म्हणून. शेवटच्या भरीनंतर वर सुका पातेरा चार बोटं अंथरा. आंब्या-काजूच्या पानांचा सडा आपल्याकडे हिवाळ्यात भरपूर असतो.

जागा अशी निवडा की सकाळी सहा-सात तास ऊन मिळेल आणि दुपारी एक-दीडनंतर सावली पडेल. घराच्या पूर्वेचं खळं, म्हणजे अंगण, उत्तम. तशी जागा नसेल तर चार काठ्या रोवून पश्चिमेला माडाच्या झावळीचा विणलेला झाप उभा करा. समुद्राला अगदी लागून घर असेल तर तोच झाप खारा वाराही अडवतो.

पाणी आणि खत

सकाळीच पाणी द्या. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तर एक-दीड लिटर, ओल लागली तर नाही. लावल्यापासून पाचवा ते नववा आठवडा जपा, तेव्हा कंद धरून फुगत असतात. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी डबा भरून पाणी दिलं की बटाटे तडकतात. तांदळाचं धुवण चालतं. भांडी घासलेलं साबणाचं पाणी नको. मासे धुतलेलं पाणी आपण माडाला घालतो, तेही इथे नको.

पंधरा दिवसांनी एकदा शेणाचं पातळ पाणी, एका तांब्याला दहा तांबे पाणी घालून. युरिया टाकायचा मोह होतो, पण त्याने पालाच वाढतो. चिमूट-दोन चिमूट राख भरीच्या वेळी पुरे.

सहाव्या आठवड्यात एक करून बघा. डब्याच्या कडेने चार बोटं हळूच मातीत सरकवा, जोर न लावता. दोऱ्यासारखं काहीतरी लागेल, त्याच्या टोकाशी बोट नेलं की एक गुळगुळीत, गार गोळी लागते, सुपारीएवढी. ती लागली की पुढचे पाच आठवडे पाणी चुकवू नका. नाही लागली तरी उपटू नका, अजून आठवडा थांबा.

कोणापासून राखायचं

खरा शत्रू किडा नाही, वानर आहे. एका सकाळी तीन डबे उलटे पडलेले आणि अर्धे कच्चे बटाटे चावून टाकलेले आम्ही बघितले आहेत. उपाय फुकटाचा: जुनं मासळीचं जाळं. डब्यांभोवती बांबूच्या चार काठ्या, त्यांच्यावरून जाळं, आणि खालच्या कडेला दगड. कोंबड्याही यानेच थांबतात. घूस मात्र खालून येते, त्यासाठी चिरे आहेतच.

पानांच्या मागे मावा दिसला तर पाण्याच्या जोराने धुवा, उरला तर लिंबोळी अर्क. डिसेंबरात कधी ढग येऊन अवेळी पाऊस होतो, तेव्हा डबे उचलून पडवीत घ्या. डब्यात लावायचा हा मोठा फायदा. ओल्या पानांवर करप्याचे काळपट डाग येतात, अशी पानं तोडून लांब जाळा.

आणि एक कळकळीची सूचना. आपण कोकणातली माणसं अळूपासून शेवग्यापर्यंत कुठल्याही पाल्याची भाजी करतो. बटाट्याच्या पाल्याची करू नका. तो विषारी असतो. फुलानंतर हिरवी टोमॅटोसारखी फळं धरली तर तीही विषारी, घरात लहान मुलं असतील तर लगेच तोडा.

काढणी

ऐंशी-नव्वद दिवसांनी पाला पिवळा पडून लोळतो. पाणी बंद करा. आठवड्याने पाला जमिनीलगत कापा आणि आणखी आठ दिवस डबा तसाच ठेवा. या दिवसांत साल पक्कं होतं. घाईने काढलेला बटाटा टिकत नाही. मग ताडपत्री पसरून डबा सरळ पालथा करा. मुलांना बोलवा, माती चाचपून बटाटे वेचायला त्यांच्याइतकं आनंदाने कोणी येत नाही.

धुऊ नका. सावलीत दोन दिवस पसरून माती झटका आणि अंधाऱ्या, हवेशीर जागी टोपलीत ठेवा. हिरवा झालेला भाग असेल तर जाड कापून टाका, जास्त हिरवा असेल तर अख्खा टाका. ते विष शिजवून जात नाही. आपल्या हवेत महिन्याभरात खाऊन संपवा. पुढच्या वर्षीचं बेणं म्हणून राखायचा प्रयत्न मी दोनदा केला, मे महिन्यात सगळे सुरकुतले आणि जूनमध्ये कुजले. बेणं दर ऑक्टोबरला नवंच घ्या.

हिशेब सांगते. गेल्या हिवाळ्यात एक किलो बेण्यातून २० झाडं लावली, ३ मेली. उरलेल्या १७ झाडांनी ६ किलो ८०० ग्रॅम बटाटे दिले, म्हणजे झाडामागे ४०० ग्रॅम. थंड मुलखात याच्या दुप्पट येईल, इथे नाही. बेण्याचे पस्तीस रुपये सोडून काही खर्च नव्हता. वाचले ते दोनशे रुपयांच्या आसपास. नुसत्या बटाट्यावर घरखर्च फिरेल असं मी म्हणणार नाही. पण डबे आणि माती वर्षातले नऊ महिने रिकामी राहिली नाहीत की आकडा बदलतो.

म्हणून एप्रिल-मेमध्ये ती माती ताडपत्रीवर पसरून कडक ऊन देते. जूनमध्ये एक घमेलं नवं शेणखत मिसळून त्याच डब्यांत रताळ्याचे वेल लावते, वीत-दीड वीत लांबीचे तुकडे, अर्धे मातीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' ही रताळ्याची जात मिळाली तर तीच घ्या. रताळं वांग्याच्या कुळातलं नाही, त्यामुळे बटाट्यामागे लावायला सोयीचं. त्याचा पाला भाजीला चालतो. नात्याचं म्हणाल तर नावाचं आहे: पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलेला 'बटाटा' हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेला होता.

रताळी कार्तिकी एकादशीच्या उपासाला निघतात. दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्नं सुरू. डबे रिकामे झालेले असतात, पडवीत अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाट्यांना नखाएवढे कोंब आलेले असतात. नोव्हेंबरात लावलेला बटाटा महाशिवरात्रीच्या सुमाराला निघतो, त्या दिवशीच्या उपासाच्या भाजीला जिरं, मिरची, दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं एवढंच लागतं.